हात आणि हत्यार : जाड ॲल्युमिनियम, लहान करवत



मागील अंकात आम्ही खिडकीच्या त्रीसच्या पातळ पट्ट्या घरच्या घरी कशा कापाव्यात याविषयी चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकबंधूंनी विचारले आहे की, पातळ पट्टीचे ठीक आहे, परंतु इंचभर जाडीचे ॲल्युमिनियम मखसानमधील लहान यंत्रावर कापता येते काय? प्रश्न साधा आहे. उत्तर देताना मात्र आम्हांला संकोच वाटतो. हाच प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या भाच्याने आम्हांला विचारला होता आणि आम्ही त्याला दिलेले उत्तर चुकीचे होते. त्या चुकीची किंमत त्याला मोजावी लागली. तेव्हा या वेळी उत्तर सविस्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमचा भाचा अश्दोदला राहतो. ज्या कारखान्यात तो बारा वर्षे यंत्रे जोडण्याचे काम करीत होता तो बंद झाला. पुन्हा कोणाच्या दारात उभे राहण्यापेक्षा आपले स्वतःचे काही करावे, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने एक लहानशी शेड भाड्याने घेतली आणि लोखंडाचे पाइप कापण्याचा एक जुना आडवा बँडसॉ विकत घेतला. हे यंत्र किती लहान, तर दोन माणसांनी उचलून मोटारीत ठेवता येते. दीड महिन्यानंतर पहिले बऱ्यापैकी काम मिळाले. ॲल्युमिनियमचे ४८ ठोकळे कापून द्यावयाचे होते. माल गिऱ्हाइकाचाच होता : १०० मि.मी. रुंद, २५ मि.मी. जाड आणि ३ मीटर लांब अशी एकच पट्टी. वजन सुमारे २० किलो. प्रत्येक तुकडा ६१ मि.मी. लांबीचा हवा होता. त्यातील १ मि.मी. पुढे गिऱ्हाइकाच्या यंत्रावर साफ होऊन नेमके ६० उरावयाचे होते.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. “मामा, एक तुकडा कापायला अर्धा तास लागला. आणि पातं बघाल तर चांदीनं मढवल्यासारखं झालंय. दुसऱ्या तुकड्याला तर ते तुटलंच.”

आम्ही शिक्षक. प्रश्न आला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही, ही आमच्या व्यवसायाची खोड आहे. अध्यापक विद्यालयात असताना कार्यानुभवाच्या तासाला आम्ही पुठ्ठा, साबण, बांबू आणि पातळ पत्रा यांवर हात चालवलेला होता. तेवढ्या भांडवलावर आम्ही त्याला सांगितले, “अरे, ॲल्युमिनियम मऊ असते. तुझ्या वडिलांची सुतारकामाची चकतीची करवत पडून आहे ना? लाकडासारखे तिच्यावर काप.”

त्याने तसेच केले. हातकरवतीने पट्टीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे पाडले आणि चकतीच्या बाजूची सरळ पट्टी, जिला सुतार मार्गदर्शक म्हणून वापरतात, ती ६१ मि.मी.वर लावून तिला माल टेकवून तो हाताने पुढे सरकवू लागला. दोन तुकडे बरे निघाले. तिसरा तुकडा कापून सुटा होताच ती पट्टी आणि फिरती चकती यांच्यामध्ये तिरपा होऊन अडकला. चकतीच्या दातांनी तो उचलला आणि मागे भिरकावला. असा एक ठोकळा ४०० ग्रॅमच्या वर भरतो. तो त्याच्या डाव्या हातावर बसला. मधल्या बोटाचे हाड मोडले, नख गेले. तो ठोकळा हातावर बसण्याऐवजी एक वीत वर गेला असता तर काय झाले असते, हे लिहिण्याची आमची तयारी नाही.

आम्ही इस्पितळात पोहोचलो तेव्हा आमची बहीण बाकावर बसली होती. ती ओरडली नाही. ती एवढेच म्हणाली, “दादा, वर्गात चुकीचं सांगितलंस तर दुसऱ्या दिवशी फळा पुसता येतो. हे कसं पुसशील?” यावर आम्हांला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

त्यानंतर आम्ही जे पूर्वीच करावयास हवे होते ते केले, म्हणजे जाणत्या माणसाकडे गेलो. आपल्या समाजात एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. तरुणपणी मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांनी उमेदवारी केली आणि येथे आल्यावरही निवृत्त होईपर्यंत हेच काम केले. आम्ही त्यांच्यापुढे ते तुटलेले पाते ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पात्यावरून नखाने दाते मोजले आणि म्हणाले, “इंचात चोवीस. हे पातळ पाइप कापायचं पातं आहे, मास्तर. आणि पोरानं पट्टी आडवीच निजवली होती ना?”

हो, आडवीच निजवली होती. आम्हांला त्यात काही वावगे दिसले नव्हते.

त्यांनी मग जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. करवतीचा प्रत्येक दात मालाच्या एका टोकाला आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. या प्रवासात तो जो कीस काढतो, तो बाहेर पडेपर्यंत त्याला दोन दातांमधील खाचेतच साठवून ठेवावा लागतो. १०० मि.मी.ची बाजू आडवी ठेवली आणि पाते इंचाला २४ दात्यांचे असले, तर एका वेळी जवळजवळ ९५ दाते मालात रुतलेले असतात आणि प्रत्येकाची खाच तांदळाच्या कणीएवढी. ती चार-पाच मि.मी.मध्येच भरते. पुढील सगळा प्रवास तो दात कापत नाही, नुसता घासतो. घासण्याने उष्णता वाढते. ॲल्युमिनियम तापले की नरम पडून दाताच्या धारेला चिकटते आणि एकदा एक कण चिकटला की पुढचा कण त्यावर चिकटतो. भाच्याला दिसलेली चांदी ती हीच. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, लोखंडाला १५०० अंशांहून अधिक लागतात. परंतु चिकटण्यासाठी वितळण्यापर्यंत जाण्याची गरज नसते. दाब आणि ऊब एवढे त्याला पुरते.

‘मऊ म्हणून सोपे’ ही आमची समजूत येथे उघडी पडली. लोखंड कठीण आहे, पण त्याचा कीस तुटून पडतो. शुद्ध ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्या आजीच्या घरी ज्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणत त्या जातीचे, करवतीला सर्वांत अधिक छळते, कारण ते चिकट असते. ज्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळून उष्णतेची प्रक्रिया केलेली असते, तो ६०६१ क्रमांकाचा मिश्रधातू पुष्कळ शहाण्यासारखा कापला जातो. जस्त घातलेला ७०७५ तर त्याहून कठीण, परंतु धार चांगली असेल तर त्याचा काप स्वच्छ येतो. माल घेताना क्रमांक विचारावा. भंगारातून आणलेल्या तुकड्यावर क्रमांक नसतो. तेव्हा कोपऱ्यावर कानस फिरवून पाहावी. कानशीचे दाते लगेच बुजले तर माल चिकट आहे, असे समजावे.

उपाय काय? पहिला उपाय पात्याचा. इंचभर जाडीला इंचात ६ ते १० दात्यांचे पाते घ्यावे. निदान तीन दाते मालात असलेच पाहिजेत, नाहीतर दात कडेवर अडकून मोडतात, हा जुना नियम सर्वांना ठाऊक असतो. त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही : मऊ धातूत डझनाहून फार अधिक दाते एका वेळी असू नयेत. दुसरा उपाय फुकटचा आहे. पट्टी निजवण्याऐवजी व्हाइसमध्ये उभी धरावी. म्हणजे पात्यासमोर १०० ऐवजी २५ मि.मी. येतात आणि सहा दात्यांच्या पात्याचे सहाच दाते एका वेळी काम करतात. प्रत्येकाची खाच मोठी, प्रवास लहान. व्हाइसचे जबडेही मग पट्टीच्या रुंद बाजूंना धरतात, त्यामुळे पकड अधिक घट्ट बसते. येथे एक खबरदारी आहे. काप १०० मि.मी. खोल जावयाचा असल्यामुळे पाते सैल असेल तर ते खाली जाताना एका बाजूला वाहत जाते. पहिल्या तुकड्याला गुण्या लावून पाहावा आणि मगच पुढे जावे.

तिसरी गोष्ट तेलाची. फिटरकाकांनी जेव्हा विचारले, “पात्याला काय लावलं होतं?” तेव्हा भाचा म्हणाला, “काहीच नाही.” काका हसले. “शनवार तेल्यांची जात आपली. कोकणात घाणा फिरवून गावाला तेल पुरवलं आपण, आणि पोरगा पातं कोरडं चालवतो!” हसण्यावारी बोलले, पण म्हणणे खरे होते. ॲल्युमिनियमला रॉकेल चांगले मानवते. जुन्या पाश्चात्य पुस्तकांत रॉकेलात डुकराच्या चरबीचे तेल मिसळण्याची शिफारस असते. आम्ही ती सूचना रॉकेलापाशीच थांबवली आणि काही बिघडले नाही. परंतु ज्या यंत्राच्या मोटारीत कार्बनचे ब्रश असतात तिच्यात ठिणग्या उडतात. तेथे रॉकेल शिंपडणे धोक्याचे. अशा ठिकाणी साधी मेणबत्ती घ्यावी आणि यंत्र बंद असताना पात्याच्या दातांवर घासावी. दर दोन-तीन कापांनंतर पुन्हा. मेण टिकते, उडत नाही, वास मारत नाही आणि प्रत्येक घरात असतेच.

वेगाविषयी लोकांचा उलटा समज असतो. लोखंडाला वेग कमी हवा, म्हणून ॲल्युमिनियमलाही कमीच ठेवतात. वास्तविक ॲल्युमिनियमला वेग मानवतो. भाच्याच्या यंत्रावर पट्ट्याच्या तीन जागा आहेत, त्यांवर पाते मिनिटाला सुमारे २४, ३७ किंवा ६१ मीटर धावते. त्याने सर्वांत हळू जागा निवडली होती. खरे तर सर्वांत वेगवान जागा निवडावयास हवी होती. लाकडाचा बँडसॉ मिनिटाला कित्येकशे मीटर धावतो. तोही योग्य पाते लावल्यास हे काम बिनतक्रार करतो. दाब मात्र बेताचा असावा. पाते कापत आहे की घासत आहे, हे किसावरून ओळखावे. सुटे, कुरळे, चकचकीत तुकडे पडत असतील तर ठीक. पिठासारखी भुकटी पडू लागली की थांबून दाते पाहावेत.

आता त्या चकतीच्या करवतीविषयी, जिने आमची झोप उडवली. तिच्यावर ॲल्युमिनियम कापताच येत नाही असे नाही. कारखान्यांत कापतात. परंतु त्यांची चकती निराळी असते. तिचे कार्बाइडचे दाते एक आड एक निराळ्या आकाराचे घासलेले असतात, म्हणजे एकाने मधोमध चर पाडायचा आणि दुसऱ्याने तो रुंद करायचा. सुताराच्या चकतीचे दाते पुढे झुकलेले असतात, त्यामुळे ते माल ओढून घेतात. ॲल्युमिनियमच्या चकतीचे दाते बहुधा किंचित मागे झुकलेले असतात. शिवाय तेथे माल यंत्रानेच आवळून धरलेला असतो, कोणाच्या हातात नसतो. पुष्कळ लहान यंत्रांच्या पुस्तिकेत धातू कापू नये असे स्पष्ट छापलेले असते. ती पुस्तिका आपल्यापैकी किती जण वाचतात? आम्ही वाचली नव्हती. आणि लाकूड असो की धातू, आडवा काप घेताना सुटणारा तुकडा मार्गदर्शक पट्टी आणि चकती यांच्यामध्ये कोंडू देऊ नये. लांबीचे माप हवे असेल तर चकतीच्या पुष्कळ अलीकडे एक ठोकळा आवळावा, माल त्याला टेकवून माप घ्यावे आणि मग पुढे सरकवावे, म्हणजे कापल्यावर तुकडा मोकळा राहतो. हे सुतारकीचे पहिल्या महिन्यातील शिक्षण आहे. आमच्या मेहुण्यांना ते ठाऊक होते. ते हयात असते तर आम्हांला विचारण्याची पाळी मुलावर आली नसती.

जिगसॉविषयी फार लिहीत नाही. लहान जिगसॉची ॲल्युमिनियमची मर्यादा साधारण १० ते २० मि.मी. असते, म्हणून इंचभर पट्टीच्या वाटेला तिने जाऊ नये. ग्राइंडरविषयी मात्र निक्षून सांगतो. दगडी चकतीने ॲल्युमिनियम कापू नये. धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, चकती तापते आणि फुटू शकते. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो : ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र आले आणि त्यावर ठिणगी पडली, तर जी आग लागते तिच्या उष्णतेने लोखंड वितळते. रेल्वेचे रूळ जोडण्यासाठी हीच प्रक्रिया मुद्दाम वापरतात. जळत्या भुकटीवर पाणी ओतू नये, त्यातून हायड्रोजन निघतो. कोरडी वाळू टाकावी. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता, त्याच्याखाली ॲल्युमिनियमचा चुरा साठू देऊ नका.

ज्यांच्याजवळ यंत्र नाही त्यांनी निराश होऊ नये. एक-दोन तुकडेच कापायचे असतील, तर साधी हातकरवत आम्हांला अजूनही सर्वांत विश्वासू वाटते. इंचात १४ दात्यांचे पाते आणावे, दाते पुढे तोंड करून लावावे आणि चांगले ताणावे. आपल्याकडे करवत जाता-येता दोन्हीकडून कापते असे म्हणतात, परंतु ही करवत त्या म्हणीला जुमानत नाही. ती पुढे जातानाच कापते. मागे येताना दाब काढून घ्यावा, नाहीतर धार फुकट झिजते. मिनिटाला ४०-५० हेलकावे पुरेत. पात्याची पूर्ण लांबी वापरावी, मधोमधची चार बोटेच नव्हे. १०० मि.मी. रुंदीच्या पट्टीला प्रथम चारही बाजूंनी उथळ खूण पाडून घेतली, तर काप वाकडा जात नाही. रॉकेलाचा बोळा फिरवत राहावे. वीस-पंचवीस मिनिटे लागतील, घाम येईल, पण काही भिरकावले जाणार नाही.

मापाविषयी दोन गोष्टी आमच्या विषयाच्या, म्हणजे गणिताच्या. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. ३०० मि.मी.चा तुकडा ५० अंशांनी तापला तर सुमारे एक तृतीयांश मि.मी. लांब होतो. म्हणून गरम तुकडा मोजून बरोबर आला असे मानू नये. गार होऊ द्यावा. दुसरी गोष्ट करवतीच्या जाडीची. बँडसॉच्या एका कापात सुमारे १ मि.मी. माल जातो, सुताराच्या चकतीच्या कापात सुमारे ३. तीन मीटर पट्टीतून ६१ मि.मी.चे ४८ तुकडे काढायचे, तर ४७ काप मोजून बँडसॉवर २९७५ मि.मी. लागतात, म्हणजे माल पुरतो. चकतीवर ३०६९ लागतात आणि ४६च तुकडे निघतात. इयत्ता पाचवीचे हे गणित आम्ही सल्ला देण्यापूर्वी मांडले असते, तरीही ती चकती बाजूला राहिली असती.

भाच्याचे बोट सहा आठवडे बांधलेले होते. त्या काळात आम्ही शाळा सुटल्यावर अश्दोदला जाऊन त्याचा डावा हात झालो. फिटरकाका खुर्चीवर बसून सांगत, तो उजव्या हाताने खुणा करी, आम्ही व्हाइस आवळत असू. सहा दात्यांचे नवे पाते, पहिले दोन-तीन काप अर्ध्या दाबाने, मग नेहमीच्या. उभी पट्टी, वेगवान पट्टा, मेणबत्ती. पहिला तुकडा चार मिनिटांच्या आत खाली पडला. आम्ही तिघेही काही बोललो नाही. काकांनी तुकडा उचलून त्याला गुण्या लावला, उजेडाकडे धरला आणि पुढचा लावायची खूण केली. वाया गेलेल्या मालाबद्दल अर्धा मीटर पट्टी भाच्याला पदरमोड करून आणावी लागली आणि काम तीन आठवडे उशिरा पोहोचले. गिऱ्हाईक भला निघाला. बोटाचे ऐकून त्याने दंड लावला नाही आणि दुसरे कामही दिले. बोट मात्र पुरते वाकत नाही.

शेवटचे तुकडे कापताना एक अडचण येते, ती सांगून ठेवतो. पट्टी संपत आली की उरलेला भाग व्हाइसच्या जबड्यात एकाच टोकाला पकडला जातो, जबडा तिरपा होतो आणि माल निसटतो. अशा वेळी जबड्याच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा म्हणजे २५ मि.मी.चा एक तुकडा घालावा. कापून पडलेला एखादा ठोकळाच तेथे चालतो.

वाचकबंधूंनी पात्याचे माप विचारले आहे. या जातीच्या लहान आडव्या यंत्रांना बहुधा १६३८ मि.मी., म्हणजे साडेचौसष्ट इंच लांबीचे आणि अर्धा इंच रुंदीचे पाते लागते. परंतु आमच्या शब्दावर मागवू नये. जुने पाते तुटले असेल तर ते फेकू नका, सरळ करून त्याचीच लांबी मोजा. तुटलेले नसेल तर दोऱ्याने चाकांवरून माप घ्या आणि दुकानदाराला दात्यांची संख्या कागदावर लिहून द्या.